रकाना सात

निपाणीच्या कचेरीसमोर, लिंबाखाली,
माझं टेबल तीन पायांवर आणि एका विटेवर उभं आहे.
एकतीस वर्षं मराठीत ऐकतो, कानडीत टाइप करतो.
फेरफार, वारसा, रेशनकार्डातलं चुकलेलं नाव.
माणसं समोर रडतात, मी समास सोडतो.

परवा पवित्रा धामी आली.
दहावी मराठी शाळेतून, एक्क्याऐंशी टक्के,
कानडीत माझ्या पोरापेक्षा जास्त.
नर्सिंगला नंबर लागलाय, दाखला हवाय.
फॉर्म तिनंच भरलेला, अक्षर मोत्यासारखं,
फक्त सातवा रकाना कोरा.

सात : देशात आल्याची तारीख, मार्ग व कारण.

"तारीख काय लिहू, काका?
आई म्हणते, थंडी होती, आणि वाटेत कुणीतरी पेरू दिला."
मार्ग म्हणजे बनबसाचा पूल,
आईच्या पाठीवर, शालीच्या झोळीत.
वय दीड वर्ष.
पुलावर शिपायानं विचारलं, कुठं?
बापानं ऐकलेलं नाव सांगितलं : नेपाणी.
गावाच्या नावातच आपला मुलूख ऐकू आला,
म्हणून आलो, असं तो अजून हसत सांगतो.
शाळेत पोरं हिला चिडवायची, निपाणीची नेपाळी,
ही चिडायची ती अस्सल इथल्या शिव्यांत.

आत हुक्केरी साहेब. माणूस वाईट नाही.
चहा सांगितला. चष्मा पुसला.
"राहायला कोण नको म्हणतंय? दोन देशांचा तह आहे.
पण इथलीच म्हणून लिहून द्यायला
मला एक ओळ पाहिजे, खोत. एक ओळ.
कडेवर बसून आलेल्यांची ओळ कुठाय, दाखवा,
आत्ता सही करतो."
मग फाईल मिटून, हळूच, "नाळे बा."

नाळे बा. उद्या ये.
मी तरणा होतो तेव्हा आमच्या गल्लीत
दारादारांवर खडूनं हेच लिहिलेलं असायचं.
रात्री हाक मारत येणारी ती
अक्षरं वाचायची आणि माघारी जायची,
रोज उद्यावर.
भूतसुद्धा शिकलेलं, वाचता येणारं.
पवित्रालाही वाचता येतं. गेले चार महिने
ती वाचते आणि जाते.

माझा बाप, भरमू खोत, जन्मला मुंबई इलाख्यात,
लग्न केलं मुंबई राज्यात, म्हैसुरात त्याला सात पोरं झाली
आणि कर्नाटकात वारला.
या सगळ्यात तो फार तर
तंबाखूच्या वखारीपर्यंत चालत गेला असेल.
त्याला कुणी विचारलं नाही, कधी आलास, का आलास.
त्याच्या अंगणात राज्यं आली आणि गेली,
त्यांच्याकडं कुठं होता दाखला?
हे हुक्केरींना बोललो असतो.
पण मला उद्या त्याच दारात दुसऱ्याचा अर्ज घेऊन जायचंय.

टेबलाशी परत आलो. नवा कागद चढवला.
कारण, या शब्दापुढं मी टाइप केलं : आई.
पवित्रा म्हणाली, "असं चालतं?"
चालत नाही. मला माहीत आहे.
मग त्याखाली, जागा उरली होती म्हणून,
मलगिद्दळु.
निजली होती.
कानडीत या शब्दाला ओठ मिटून सुरुवात करावी लागते,
कुणी उठू नये तशी.

पैसे द्यायला लागली, तिला म्हटलं, सुट्टे नाहीत, राहू दे.
सुट्टे होते.

रात्री अडीचला गल्लीत शिट्टी वाजली.
तिचा बाप. काठी आपटत
एकेक कुलूप ओढून बघत निघाला,
खोतांचं, मग शेजारचं, मग कोपऱ्यावर
हुक्केरी साहेबांचं.
तिथं जरा जास्तच वेळ थांबला, असं वाटलं.
की कुत्रं आडवं आलं असेल.
मी कूस बदलली.
सोळा वर्षं तो जागा आहे म्हणून
मला झोप लागते.